मक्यातली हाक

(ऑक्टोबर संपत आलेला, दुपारचे साडेचार. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या एका छोट्या गावाबाहेर उभ्या मक्याचं शेत, कडेला पोलिसांची गाडी. पोलीस अधिकारी शेफर आणि दुभाषी वापॉ इंग्रजीत बोलतात, वापॉ आणि आजी कारेन या ब्रह्मदेशातल्या भाषेत. दोन्हीकडचं कळतं ते एकट्या वापॉला; शेफरच्या प्रश्नांचं प्रत्येक भाषांतर इथं दिलेलं नाही.)

शेफर : पुन्हा विचार. तिचा नवरा या शेताकडे नेहमी येतो का?

वापॉ : आजी, आजोबा या मक्याकडे नेहमी येतात का, असं विचारताहेत.

आजी : हो.

शेफर : हो म्हणाली. तेवढं कळतं आता मला.

वापॉ : थांबा, ते 'हो' लिहून घेऊ नका. आजी, खरंच येतात?

आजी : मला काय माहीत गं. मी तर ही जागा आज पहिल्यांदा बघतेय.

वापॉ : मग हो कशाला म्हणालात?

आजी : एवढा मोठा साहेब वाकून विचारतोय. त्याला तोंडावर नाही म्हणू?

वापॉ : तिला माहीत नाही. ते 'हो' तुमच्या मानाखातर होतं.

शेफर : दोन वर्षं झाली आपण बरोबर काम करतोय आणि मी अजून या 'हो'ला फसतो. तिला सांग, आज माझा मान राहू दे बाजूला. नाही असेल तर नाहीच म्हण.

वापॉ : साहेब म्हणतात, आज त्यांना नाही म्हटलेलं चालेल. मनात असेल ते सरळ सांगा.

आजी : मग त्याला सांग, वर ते भुणभुणतंय ते मला आवडत नाही.

वापॉ : ते यंत्र आहे आजी, ड्रोन. वरून आजोबांना शोधतंय. ते आपल्याच भल्यासाठी आहे.

शेफर : काय म्हणते?

वापॉ : काही नाही, ड्रोनचं विचारत होती. मी सांगितलं.

शेफर : बरं. तो घरातून किती वाजता निघाला?

आजी : भात शिजत होता तेव्हा. मी मागं अंबाडीची पानं खुडायला गेले, परत येते तर खाट रिकामी.

वापॉ : साधारण बाराला.

शेफर : आणि मला फोन आला पावणेचारला. मधे काय केलं तिनं?

वापॉ : आजी, लगेच का नाही कळवलंत?

आजी : आधी वाट बघितली. भात गार झाला. मग चर्चपर्यंत जाऊन आले, मग तांदळाच्या दुकानापर्यंत. मग पाळकबाबांच्या दारात जाऊन बसले. पोलिसांना आपणहून कोण बोलावतं, पोरी? ते यायचे तेव्हा येतातच की.

वापॉ : सगळीकडे स्वतः शोधत होती. पोलिसांना मदतीला बोलावता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. पाळकांनी मला फोन केला, मी तुम्हाला.

शेफर : आणि शेतकऱ्यानं तीनला कापणीयंत्रावरून पाहिलं की एक म्हातारा परकर नेसून मक्यात शिरतोय.

वापॉ : लुंगी.

शेफर : लुंगी. त्यानं यंत्र जागच्या जागी बंद केलं. देवाची कृपा म्हणायची. मी शेतात वाढलोय, वापॉ. ते यंत्र पुढं माणूस आहे की मका हे बघत नाही. लुंगीवर काय घातलंय?

आजी : स्वेटर. लेमूनं घेतलेला, निळा. आणि रबरी चपला.

वापॉ : निळा स्वेटर, मुलीनं दिलेला. पायात चपला.

शेफर : साडेसहाला सूर्य जातो. तासाभरात पारा शून्याखाली. त्या वयाचा माणूस, चपलांवर... हे तिला सांगू नकोस.

आजी : काय म्हणाला?

वापॉ : थंडी वाढायच्या आत शोधून काढू म्हणाले.

आजी : तो असं नाही म्हणाला. मी त्याचं तोंड बघत होते.

वापॉ : आजी...

आजी : बरं, राहू दे. जेवला का तो? चेहरा सुकलाय. ह्याला पान दे, माझ्या झोळीत आहे. सुपारी कोवळी आहे.

वापॉ : तुम्हाला पान देऊ करतेय.

शेफर : आभार मान तिचे. नको म्हणावं. ते पान अजून गावभर गाजतंय ना?

वापॉ : गाजतंय तर. तुम्ही अॅम्ब्युलन्स बोलावली होती.

शेफर : माणसाच्या तोंडातून लाल ओघळतंय, मी काय समजणार? बरं, त्याला झालंय काय नेमकं? विसरतो म्हणाली त्याची मुलगी फोनवर.

आजी : विसरतात म्हणजे कालचं विसरतात. जुनं सगळं आत्ताच चाललंय असं धरून बसतात. परवा मला विचारलं, नदी उतरली का. मी म्हटलं, उतरली. दुसरं काय म्हणू? मग म्हणाले, चला मग, उजाडायच्या आत पार होऊ. त्यांची चपलांची शोधाशोध, आणि मी चपला लपवत होते.

वापॉ : मन जुन्या काळात जातं. ब्रह्मदेशात, सैन्यापासून पळत होते तेव्हाच्या.

शेफर : पण नावाला ओ देतो ना? आमची माणसं अर्धा तास हाका मारताहेत. मिस्टर सॉ, मिस्टर सॉ.

वापॉ : मिस्टर सॉ?

शेफर : कागदावर तेच आहे. सॉ क्लेसे.

वापॉ : सॉ म्हणजे नुसतं श्रीयुत. आमची माणसं टर्की कोंबड्यांच्या ज्या कारखान्यात कामाला आहेत, त्याच्याबाहेर उभं राहून सॉ म्हणा, दोनशे माणसं ओ देतील.

शेफर : हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही.

वापॉ : तुम्ही प्रत्येकाला इतक्या आदरानं मिस्टर सॉ म्हणायचात, कुणाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही गप्प.

शेफर : वा. म्हणून म्हटलं, तुझा आवाज बरा. ते मघाशी माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड केलंस ना, ते ड्रोनवाल्याला पाठवलंय. ड्रोनला कर्णा जोडलाय. आता लावेल तो. आपल्या भाषेत ऐकलं की येईल बाहेर.

वापॉ : आजी, आता वरून माझा आवाज येईल. आजोबांना हाक मारलीय मी, आपल्या भाषेत. दचकू नका.

आजी : वरून?

वापॉ : ऐका, लागलं. "आजोबा, घाबरू नका. बाहेर या. गरम कपडे आहेत, औषध आहे, खायला आहे. कुणी काही करणार नाही." बरं ऐकू येतंय, नाही? आजी? आजी, खाली का बसलात? चिखल आहे तिथं.

आजी : डोकं खाली कर.

वापॉ : काय झालं?

आजी : बस म्हणते ना खाली. श्वास घेऊ नकोस जोरात.

शेफर : काय झालं तिला? छातीत दुखतंय का? विचार तिला.

वापॉ : आजी, छातीत दुखतंय का? हात किती गार पडलेत तुमचे.

आजी : बंद कर ते. पोरी, पाया पडते तुझ्या, ते बंद कर.

वापॉ : ते बंद करायला सांगा. आत्ता. काय ते नंतर विचारते, आधी बंद करा.

शेफर : ड्रोन, आवाज बंद कर. हो, पूर्ण बंद. काय? कधी?... वापॉ, ऐक. दक्षिणेकडच्या कडेला स्वयंसेवक उभा होता. त्याला दहा हातांवर निळा स्वेटर दिसला होता. म्हातारा बाहेरच येत होता. तुझा आवाज सुरू झाला आणि तो वळून आत पळाला. पळाला म्हणतोय, चालला नाही.

वापॉ : माझ्या आवाजानं?

शेफर : तो तसं म्हणतोय.

वापॉ : आजी, माझं काय चुकलं? मी काही वाईट बोलले का?

आजी : तुझं काय चुकणार गं. तू निर्वासितांच्या छावणीत जन्मलेली. तुला कसं ठाऊक असेल?

वापॉ : सांगा मला.

आजी : सैन्य आलं की आम्ही गाव सोडून रानात शिरायचो. रान मोठं. त्यांना आम्ही सापडायचो नाही. मग ते आपल्यातलीच एखादी पोर धरून आणायचे. तिच्या हातात कर्णा द्यायचे. आणि ती बोलायची, आपल्या भाषेत. काका, मावशी, बाहेर या. औषध आहे, तांदूळ आहे. कुणी काही करणार नाही. आवाज असा मायेचा की पाय आपोआप उठायचे. जे उठून गेले त्यातलं कुणी परत आलेलं मी बघितलं नाही.

वापॉ : हेच शब्द?

आजी : हेच. औषधसुद्धा.

वापॉ : मला वाटलं औषध म्हटलं की बरं वाटेल.

आजी : रडू नकोस. त्या पोरीचाही दोष नव्हता. तिच्यामागं बंदूक असायची.

शेफर : वापॉ, मला काहीतरी सांग. तुम्ही दोघी रडताय आणि मी इथं झाडासारखा उभा.

वापॉ : सांगते. आधी एक सांगायचं राहिलंय. मघाशी ती म्हणाली होती की ते वरचं यंत्र तिला आवडत नाही. मी ते तुम्हाला सांगितलंच नाही. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. मला तो अधिकार नव्हता.

शेफर : बरं. पुढं.

वापॉ : त्यांच्या गावाला सैन्य असंच बोलवायचं. कर्ण्यातून, कारेन मुलीच्या आवाजात, औषध देतो म्हणून. जे गेले ते मारले गेले. आजोबा या मक्यात नाहीत. ते त्या रानात आहेत. आणि मी त्यांना मारायला बोलावतेय.

शेफर : अरे देवा.

वापॉ : सगळं थांबवायला हवं. ड्रोन, दिवे, ती माणसांची रांग.

शेफर : थांबव म्हणणं सोपं आहे. एकशे साठ एकर आहे हे. मका डोक्याच्या वर. पावणेपाच होऊन गेले. कुत्रा येतोय, अजून चाळीस मिनिटं. मी माणसं मागं घेतली आणि तो आत गारठून गेला, तर उद्या त्याच्या मुलीला काय तोंड दाखवू?

वापॉ : आजी, साहेबांची माणसं हळूहळू आत गेली तर? सापडतील ना?

आजी : नाही. ते तीन दिवस तीन रात्री एका बांबूच्या बेटात बसले होते. सैनिक चार हातांवरून गेले. मुंग्या चावत होत्या, हलले नाहीत. हे किती माणसं लावतील?

वापॉ : ती म्हणते, ते तीन दिवस न हलता बसलेले आहेत. सैन्याला नाही सापडले. तुमच्या वीस माणसांना नाही सापडणार. कुत्रा आला तर आणखी वाईट.

शेफर : मग ती काय सुचवते?

आजी : मी जाते आत. मी हाक मारते. कर्णा नको, ओरडायचं नाही. साधी.

वापॉ : ती आत जाऊन हाक मारेल म्हणते. साधी, घरातल्यासारखी.

शेफर : आवाज कितीसा पोचेल?

वापॉ : वारा पडलाय.

शेफर : हो. पडलाय खरा... ठीक आहे. अर्धा तास. सगळ्यांना ऐकू जाऊ दे : ड्रोन खाली उतरवा. गाड्यांचे दिवे बंद. रांगेतली माणसं रस्त्यावर परत, आणि आपापसात बोलू नका. कुत्र्याची गाडी चौकातच थांबवा. हो, मी सांगतोय. जबाबदारी माझी. वापॉ, मी तुमच्याबरोबर येणार मात्र. ते सोडणार नाही.

वापॉ : साहेब आपल्याबरोबर येणार म्हणतात.

आजी : येऊ दे. पण ही टोपी आणि हे चकचकीत जाकीट नको. त्यांनी लांबून बघितलं तरी जीव जाईल.

वापॉ : गणवेश नको म्हणते.

शेफर : मग मीच गारठतो. थांब, शेतकऱ्याचा कोट आहे त्या ट्रकवर. जरा शेणाचा वास येतोय. चालेल का विचार.

वापॉ : शेणाचा वास येणारा कोट चालेल का, विचारताहेत.

आजी : त्यानं तर बरंच होईल. माणूस वाटेल.

वापॉ : चालेल म्हणते.

शेफर : तिला म्हणावं, मक्याच्या ओळी धरून चाल. आडवी जाऊ नकोस, पानं कापतात. मी वीस पावलं मागं राहतो.

वापॉ : ओळीतून सरळ चालायचं, आजी. माझा हात धरा.

आजी : धरलाय. लेमूचे बाबा. अहो लेमूचे बाबा. मी आहे. चला घरी.

शेफर : हे काय म्हणते? हे नाव कागदावर नाही.

वापॉ : लेमूचे बाबा. आमच्यात मूल झालं की बाई नवऱ्याला मुलाच्या नावानं हाक मारते. त्याचं स्वतःचं नाव मागं पडतं. पंचवीस-तीस वर्षं त्यांना घरात कुणी क्लेसे म्हटलंच नसेल.

शेफर : माझी आई वडलांना नुसतं 'ए' म्हणायची.

आजी : लेमूचे बाबा. भात वाढलाय हो. ऐकू येतंय का?

वापॉ : थांबू या जरा. कानोसा घेऊ.

आजी : काही नाही. वारासुद्धा नाही.

वापॉ : अजून थोडं आत जाऊ. पुन्हा हाक मारा.

आजी : लेमूचे बाबा... नाही पोरी. उपयोग नाही याचा.

वापॉ : का?

आजी : ते जिथं आहेत तिथं लेमू अजून जन्मलेलीच नाही.

वापॉ : म्हणजे? मग त्या वेळी तुम्ही त्यांना काय म्हणायचात?

आजी : थांब इथं.

शेफर : वापॉ, का थांबलात?

वापॉ : एक मिनिट. आजी, त्या रानात असताना त्यांना काय म्हणून हाक मारायचात?

आजी : लेमूला माहीत नाही हे.

वापॉ : काय माहीत नाही?

आजी : तिच्याआधी एक होता. सात महिन्यांचा. त्या बांबूच्या बेटात होतो तेव्हा त्याला ताप होता. अंग नुसतं भाजत होतं. आणि वरून ती पोर कर्ण्यातून म्हणत होती, औषध आहे, औषध आहे. हे म्हणाले, मी जातो बाळाला घेऊन, मला मारतील पण ह्याला औषध देतील. मी यांच्या लुंगीला धरून बसले. म्हटलं, नाही. कुणी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला.

वापॉ : आजी...

आजी : थोरली माणसं म्हणाली, त्याचं नाव आता घेऊ नका, तो घुटमळत राहील. आम्ही नाही घेतलं. मग छावणीत लेमू झाली आणि आम्ही लेमूचे आई-बाबा झालो. यांनी मला एकदासुद्धा बोल लावला नाही. एकदासुद्धा नाही. पण नावही काढलं नाही. अडतीस वर्षं त्यांच्या ताटात भात वाढताना मला वाटायचं, आज विचारतील. का नाही जाऊ दिलंस म्हणून.

वापॉ : हे साहेबांना सांगू का? मघाशी तुमचं एक वाक्य मी गिळलं, त्याचं काय झालं बघितलंत. आता तुम्ही म्हणाल तेवढंच सांगीन.

आजी : सांग. त्याला वाट बघायला लावलंय आपण.

वापॉ : शेफर, लेमूच्या आधी त्यांना एक मुलगा होता. त्या रानात लपलेले असताना तापानं गेला. आजोबा औषधासाठी बाहेर निघाले होते, हिनं जाऊ दिलं नाही. त्या मुलाचं नाव अडतीस वर्षांत कुणी घेतलेलं नाही. त्या वेळी ही आजोबांना त्याच्या नावानं हाक मारायची. म्हणून आपण थांबलोय.

शेफर : तिला सांग... नाही. काही सांगू नकोस. हवा तेवढा वेळ घे म्हणावं.

वापॉ : वेळ कुठाय आपल्याकडे?

शेफर : नाहीये. तरी तसंच सांग.

वापॉ : साहेब म्हणतात, हवा तेवढा वेळ घ्या.

आजी : खोटारडा आहे. चांगला आहे. पोरी, हात सोड माझा आता. एकटीनं उभी राहते... ब्वेथूचे बाबा.

वापॉ : जरा मोठ्यानं.

आजी : ब्वेथूचे बाबा. अहो, ब्वेथूचे बाबा. मी ब्वेथूची आई. ते लोक गेले सगळे. कुणी नाही आता. ब्वेथूचे बाबा.

शेफर : डावीकडे. पानं हलली. चौथी-पाचवी ओळ. मी हलत नाही.

आजोबा : शू.

आजी : कुठं आहात?

आजोबा : अगं हळू बोल. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा.

वापॉ : आजी, तिथं बघा, खाली. बसलेत. अंगात काही नाही. स्वेटर काढून त्यात काहीतरी गुंडाळलंय. मांडीवर घेतलंय.

आजी : दिसलं मला.

वापॉ : कणसं आहेत बहुतेक.

आजी : दिसलं गं मला. तू थांब इथं. अहो, किती काकडलाय तुम्ही. उघडे का बसलात?

आजोबा : त्याला थंडी वाजत होती. ती पोर पुन्हा आली होती कर्णा घेऊन. ऐकलंस?

आजी : ऐकलं.

आजोबा : मी उठलो होतो. निघालोच होतो बाहेर. मग तुझं आठवलं, नाही म्हणालीस ते. परत फिरलो. बरं झालं तुझं ऐकलं.

आजी : बरं झालं?

आजोबा : गेलो असतो तर तिघंही गेलो असतो. हात लावून बघ, ताप उतरलाय. घाम आलाय कपाळाला. बघ की.

आजी : हो. उतरलाय हो. गार लागतंय कपाळ.

आजोबा : रडतेस कशाला? उठेल तो.

आजी : नाही रडत. द्या त्याला माझ्याकडे. तुम्ही दमलात. मी घेते आता.

आजोबा : मान सांभाळ. तो कोण उभा आहे तिकडं?

आजी : शेतकरी आहे. आपल्यातलाच समजा. कोट द्यायला आलाय तुम्हाला. पोरी, त्याला म्हणावं कोट घेऊन ये. हळू ये म्हणावं, वाकून.

वापॉ : कोट घेऊन या. हळू, वाकून. तुम्ही शेतकरी आहात असं सांगितलंय त्यांना.

शेफर : ते काही फारसं खोटं नाही. हे घ्या, आजोबा. हात घाला यात. असं. केवढे गार पडलेत हात. वापॉ, हिच्या हातात काय आहे? आणि तो काय म्हणतोय सारखा?

वापॉ : ब्वेथू आहे. ताप उतरलाय त्याचा, आत्ताच झोपलाय. हळू बोला म्हणताहेत.

शेफर : ... शेफर बोलतोय. सापडले, शुद्धीवर आहेत. अॅम्ब्युलन्स शेताच्या कडेपर्यंत आणा. सायरन नको, दिवे नको, दारं आपटू नका. नाही, काही धोका नाही. बाळ झोपलंय.